बारा मंगळवार

शुक्रवारी सगळे जेवायला असले की अफकारच्या चुलीवर हल्ली मुलुखियाच्या पाल्याच्या कालवणाची दोन पातेली चढायची. एक घरच्यांचं, एक बिनमिठाचं. बिनमिठाच्या पातेल्याच्या कानाला तिने लाल दोरा बांधून ठेवला होता. मागच्या महिन्यात घाईघाईत ते पातेलं वरच्या मजल्यावर दिराकडे गेलं आणि खारट कालवण तिच्या नवऱ्याच्या, रशादच्या ताटात पडलं. त्याने ते चाटूनपुसून खाल्लं, "आज हात चांगलाच बसलाय तुझा," अशी वर शाबासकी दिली, आणि पुढचे दोन दिवस सुजलेले पाय उशीवर ठेवून बसला. तेव्हापासून दोरा.

आजचं जेवण मात्र नेहमीच्या शुक्रवारचं नव्हतं. रविवारी इस्पितळात डॉक्टरांची कमिटी बसणार होती आणि तिच्यापुढे दोन सह्या लागणार होत्या, लिव्हर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. देणारा म्हणजे वरच्या मजल्यावरच्या फिक्रीचा मुलगा मुअताज. त्याने ईद संपल्या संपल्या सही ठोकून दिली होती. घेणारा रशाद, फिक्रीचा थोरला भाऊ, अडून बसला होता. मन्सुऱ्याच्या प्राथमिक शाळेत सदतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. न विचारता सही करेल तर शपथ.

"शुक्रवारी सगळ्यांना खाली बोलव," त्याने बायकोला सांगितलं होतं. "मला रीहामला एक प्रश्न विचारायचाय. सगळ्यांसमोर."

प्रश्न काय असणार ते रीहामला माहीत होतं. म्हणून ती सकाळपासून स्वयंपाकघरात लसूण सोलत उभी होती, आणि मुलुखियाला लागतो त्याच्या तिप्पट लसूण सोलून झाला होता.

"पुरे आता," अफकार म्हणाली. "कुणाला पळवून लावायचंय का?"

रीहाम रशाद-अफकारची एकुलती एक मुलगी. तिचं लिव्हर वडिलांना चाललं नाही, कारण रक्तगट आईवर गेला होता. ते कळलं त्या दिवशी ती आईवर उगाच रागावली होती, आणि आईनेही ते बिनतक्रार ऐकून घेतलं होतं.

गेली सहा वर्षं ती विद्यापीठाच्या लॅबमध्ये वडिलांना झालेल्या याच रोगावर काम करत होती. लिव्हरमधल्या गाठीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा यायचा. त्यातली ठरावीक अकरा जीन्स किती जागी आहेत, किती झोपलेली, ते मोजायचं आणि त्यावरून एक आकडा काढायचा. आकडा रेषेच्या खाली आला तर माणूस बरीच वर्षं काढण्याची शक्यता जास्त, वर आला तर कमी. एकशे चाळीस रुग्ण झाले होते आणि काम अजून पुरं व्हायचं होतं. नळ्यांवर नावं नसत, नुसते नंबर असत. कुठला तुकडा कुणाचा हे लॅबमध्ये कुणालाही कळता कामा नये, हा नियम नव्या मुलींना रीहामच शिकवायची. पण वडिलांच्या नळीवरची चिठ्ठी तिने स्वतःच्या हाताने चिकटवली होती. बुधवारी संगणकावर यादी उघडली तेव्हा तिने त्या नंबरावरून नजर काढून घ्यायला हवी होती. तिने काढली नाही.

त्या दिवसापासून आकड्याच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट तिला उगाचच टोचत होती. नमुन्यासोबत एक फॉर्म भरावा लागे, तोही तिनेच भरला होता. पूर्वी बिल्हार्झिया झाला होता का? "नाही," रशाद म्हणाला. त्यासाठी लहानपणी सुया घेतल्या होत्या का? "बारा."

"बाबा, आजार नव्हता तर सुया कशाला देतील?"

"सांगतो ते लिही."

कालव्यात डुंबणाऱ्या पोरांच्या लघवीतून रक्त पाडणारा तो किडा त्या पिढीत घरोघरी होता. त्यावरच्या सरकारी सुया, नीट न उकळलेल्या, एकाच्या दंडातून निघून दुसऱ्याच्या दंडात शिरलेल्या. त्यांतूनच रक्तावाटे लिव्हरमध्ये शिरून पुढे गाठी उठवणारा हा दुसरा रोग गावंच्या गावं पसरला, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. आजार नाही आणि सुया बारा, असं कसं होईल? म्हाताऱ्याच्या आठवणीत घोळ झाला असणार असं समजून रीहामने फॉर्मवर 'नाही' खोडून 'होय' केलं होतं.

*

फिक्रीची बायको अतियात भरलेल्या द्राक्षपानांचं ताट घेऊन वरून उतरली. आठवडाभर तिचं देवाशी बोलणं चाललं होतं आणि दर वेळी तीच हरत होती. ताट ओट्यावर ठेवून तिने रीहामला दंडाला धरून मागच्या गॅलरीत नेलं. दोरीवर मुअताजचे शर्ट वाळत होते, कारण वरची दोरी तुटली होती.

"तुला कळलंय ना?"

"काय, काकू?"

"भोळेपणाचा आव आणू नकोस. बुधवारपासून जिन्यात भेटलीस की चपलांकडे बघून सलाम करतेस. माझ्या चपला काय एवढ्या देखण्या नाहीत."

रीहामने दोरीवरचा एक चिमटा काढून पुन्हा लावला.

"मला बाकीचं शास्त्र नको. एवढंच सांग, दोन वर्षं की वीस?"

"ते असं कॅलेंडरासारखं नसतं, काकू."

"मग कसं असतं? माझ्या पोराला इथून इथपर्यंत फाडणार आहेत." अतियातने स्वतःच्या पोटावर बोट ओढून दाखवलं. "तीन महिन्यांवर लग्न आलंय त्याचं. नवरीच्या आईला मी सांगितलंय, पोराला पित्ताचे खडे झालेत. देवा, माफ कर. वीस वर्षं असतील तर मी स्वतः त्याला मांडीवर घेऊन ऑपरेशनला बसेन. पण दोनच असतील तर मला आधी कळायला हवं. आई आहे मी त्याची."

"बाबांनी विचारलं तर बाबांना सांगेन. आधी त्यांचा हक्क."

"आणि माझा?"

काकूचं म्हणणं बरोबर होतं. अतियातने एक शर्ट दोरीवरून काढला, घडी घातली, आणि तो अजून ओलाच आहे हे लक्षात आल्यावर पुन्हा वाळत टाकला.

ती दुष्ट नव्हती. एकोणिसाव्या वर्षी या घरात आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती आणि त्याची तिला मरणाची लाज होती. रशादने एक दिवस तिला बाजाराची यादी उलटी धरलेली पाहिली. दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या नमाजानंतर जेवणाच्या टेबलावर पाटी ठेवून तिची वाट पाहू लागला. आठ महिने. शेजारपाजारच्या बायकांना वाटायचं, मोठ्या भावाची मर्जी सांभाळायला ती त्याला चहा द्यायला जाते. त्याने कधी कुणाला कळू दिलं नाही. त्या माणसासाठी अतियातने स्वतःचं लिव्हर हसत काढून दिलं असतं. पण तिचंही जुळलं नव्हतं, आणि स्वतःचं देणं वेगळं, पोटच्या पोराचं देणं वेगळं.

*

रशाद इस्त्रीचा पायघोळ गलबिया घालून टेबलाच्या टोकाशी बसला. डोळ्यांतला पिवळेपणा चष्म्याआडूनही दिसत होता. त्याने लाल दोऱ्याच्या पातेल्यातलं कालवण चाखलं.

"उम्म रीहाम, हे कालवण आहे की भांडी विसळलेलं पाणी?" लेकीच्या नावाने हाक मारत त्याने बायकोला विचारलं.

"लिंबू पिळा," अफकार म्हणाली.

"लिंबू पिळून पाण्याचं सरबत होईल, कालवण नाही."

मुअताज हसला. सव्वीस वर्षांचा, घरोघरी जाऊन एसी दुरुस्त करणारा, खांद्याने आडवा पोरगा. त्याच्या शेजारी फिक्री भाताचे घास नुसते इकडून तिकडे करत बसला होता. सकाळपासून तो कुणाशीच बोलला नव्हता. तसा तो कमीच बोलायचा, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

रशादने चमचा खाली ठेवला.

"रीहाम, माझ्या लिव्हरचा पेपर तपासून झाला का?"

"जेवताना नको!" अफकार म्हणाली. तिने त्या रोगाचं नाव आजवर एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. 'ते दुखणं' म्हणायची, तेही डोअरबेल वाजल्यासारखं दाराकडे बघून. "आयुष्य अल्लाहच्या हातात असतं. लॅबवाल्यांना कधीपासून कळायला लागलं?"

"त्याच्याच हातात आहे. मी फक्त वर्गात मागच्या बाकावरून डोकावतोय."

"तोबा म्हणा!"

"विचारू दे त्यांना, हज्जा," अतियात खाली मान घालून थोरल्या जावेला म्हणाली.

अफकारने जावेकडे पाहिलं. तीस वर्षांत दोघींनी एकमेकींची बाजू कधी सोडली नव्हती, अगदी सासूच्या हयातीतही नाही. "तू पण?"

"मला ऐकायचंच नाही," मुअताज म्हणाला. "मी सही केलीय. विषय संपला."

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या.

"ऐका सगळे," रशाद म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही, वर्गातही कधी चढवायचा नाही. "या पोराचं अर्ध्याहून जास्त लिव्हर काढणार आहेत. ते पुन्हा वाढतं म्हणतात. वाढू दे. पण मी त्याच्या पोटाला सुरी लावू द्यायची तर कशासाठी, हे मला ठाऊक असायला पाहिजे. सहा महिन्यांच्या औषधपाण्यासाठी मी ते करणार नाही. रीहाम, मी त्या अभ्यासाचा चार पानी कागद वाचून सही केलीय. असा आकडा असतो हे मला माहीत आहे. आणि तू बुधवारपासून माझ्या डोळ्यांत बघत नाहीस, म्हणजे तो तुला माहीत आहे."

रीहामने हात मांडीवर घट्ट धरले. बुधवारपासून चपलांकडे बघण्याचा काही उपयोग झाला नव्हता. सगळ्या घराला कळलं होतं.

"मी बघायला नको होता, बाबा. नळीवरचा नंबर मी लावला होता म्हणून ओळखता आला. चूक माझी आहे. आणि तो आकडा अजून कुणाला सांगण्याएवढा पक्का नाही. डॉक्टरांनी तो मागितलेला नाही, कमिटी तो बघणारसुद्धा नाही."

"सांग."

"रेषेच्या वर आहे."

"म्हणजे वाईट."

तिने मान हलवली. पुढचं तिने लॅबमध्ये बोलायच्या आवाजात म्हटलं, कारण दुसऱ्या कुठल्याच आवाजात ते तिला बोलता आलं नसतं. "तुमच्यासारख्या शंभर जणांना नवं लिव्हर बसवलं, तर आमच्या हिशेबाने पाच वर्षांनी अडतीस जण असतात. रेषेखालचे असते तर बहात्तर."

"आणि नवं बसवलंच नाही तर?"

"दोन जण. फार तर तीन."

अफकारने ओढणी तोंडाला लावली. कुणीतरी पाण्याचा ग्लास सरकवला, तो तसाच राहिला.

"अडतीस," रशाद म्हणाला. "आमच्याकडे पन्नासाला पास."

"हे मार्क नाहीत, बाबा!" रीहामचा लॅबमधला आवाज तिथेच फुटला. "प्रत्येकाच्या वाट्याला अडतीस टक्के आयुष्य येतं, असं नाहीये ते. अडतीस जण चांगले जगतात, हिंडतात, फिरतात. बासष्ट जातात. तुम्ही कुणात आहात हे त्या अकरा जीन्सना माहीत नाही. मला माहीत नाही. कुणालाच नाही."

"ठाऊक आहे गं," तो हलकेच म्हणाला आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. "टक्केवारी तुला कुणी शिकवली? याच टेबलावर, संत्र्यांच्या फोडी मांडून. रडू नकोस. उदाहरण बरोबर सोडवलंस."

मग त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"मी सही करणार नाही. तीनच्या जागी अडतीस, हे मला कळतं. माझ्या एकट्याच्या पोटाचा प्रश्न असता तर मी धावत गेलो असतो. पण एवढ्यावर मी मुअताजला त्या टेबलावर चढवणार नाही. आता जेवा, थंड होतंय."

अतियातच्या छातीवरचा दगड उतरला. तिने खोल श्वास घेतला, आणि तो श्वास सगळ्या टेबलाला ऐकू गेला असं वाटून तिला एवढी शरम वाटली की तिने उठून पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघर गाठलं. ओट्याला टेकून ती मुसमुसली. आपला आनंद दुसऱ्याच्या मरणावर उभा आहे, आणि दुसरा म्हणजे कोण तर ज्याने आपल्याला आपलं नाव लिहायला शिकवलं तो, हे तिला तिथे लख्ख दिसत होतं.

"काका, मला अडतीस पुरेत," बाहेर मुअताज म्हणत होता. "माझे गणिताचे मार्क तुम्हीच तपासलेत. मी पंचवीसवर पण घरी मिठाई वाटलीय."

"म्हणूनच तुझं ऐकत नाही मी."

"काका, मस्करी नाही करत."

"मीही नाही, बाळा." रशादने त्याच्या गालावर थोपटलं. "हे बघ, गावातल्या सगळ्यांना त्या सुया टोचल्या, मलाही टोचल्या. माझ्या वर्गातले अर्धे याच्यानेच गेले. त्यांना पन्नाशी दिसली नाही, मला साठी दिसली. माझी काही तक्रार नाही. सगळ्या गावाचं झालं तेच माझं."

"तुला टोचायचं नव्हतंच," फिक्री म्हणाला.

*

फिक्रीचा आवाज त्याच्या स्वतःच्याच कानांना अनोळखी वाटला. अठ्ठावन्न वर्षांचा होऊनही तो थोरल्या भावाला 'अबेह'च म्हणायचा, लहानपणी म्हणायचा तसा, आणि लहानपणीसारखाच त्याच्यासमोर सिगारेट विझवायचा.

"फिक्री, भात खा," रशाद म्हणाला.

"नाही, अबेह. बावन्न वर्षं भातच खातोय."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. स्वयंपाकघराच्या दारात अतियात येऊन उभी राहिली.

"शाळेत सगळ्यांची लघवी तपासली होती," तो ताटाकडे बघत सांगू लागला. "बाटल्यांवर नावं लिहून. यादी वाचली तेव्हा त्यात माझं नाव होतं. अबेहचं नव्हतं. याची बाटली स्वच्छ निघाली होती. रक्त मला जात होतं. मी सहा वर्षांचा, हा दहाचा. मंगळवारी कालव्यापलीकडच्या दवाखान्यात जायचं, चिठ्ठी दाखवायची, सुई घ्यायची. बारा आठवडे. मी पहिल्या मंगळवारी रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढचं पोर सुई झाल्या झाल्या तिथेच भडभडून ओकलं आणि पडलं. मी जो पळालो तो घेवड्याच्या शेतात शिरलो. हा मला शोधत आला. मी म्हटलं, मी मरेन पण जाणार नाही. बाबांना कळलं असतं तर त्यांनी मला बांधून नेलं असतं. याने माझ्या हातातली चिठ्ठी घेतली."

"लहान होतो आपण," रशाद म्हणाला.

"कंपाउंडरने नाव विचारलं. याने सांगितलं, फिक्री. तो माणूस दंडाकडे बघायचा, तोंडाकडे कुणाच्याच बघायचा नाही. बाराही मंगळवार हा फिक्री होऊन गेला. परत येताना कालव्याच्या काठी ओकायचा, आणि आईला सांगायचा की कच्चे खजूर खाल्ले."

"आजार नाही," रीहाम स्वतःशीच म्हणाली. "सुया बारा." तिला फॉर्मवरची आपली खाडाखोड आठवली. वडिलांनी एकही अक्षर चुकीचं सांगितलं नव्हतं.

"पुढे गोळ्या निघाल्या, त्या खाऊन मी बरा झालो," फिक्री म्हणाला. "आणि गेल्या साली सगळ्या देशाचं रक्त तपासलं, तेव्हा माझं स्वच्छ निघालं. चिठ्ठी देणारी पोरगी म्हणाली, तुमच्या वयाचा माणूस आणि रक्त स्वच्छ, नशीबवान आहात. मी घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून बसलो. अतियातने विचारलं, एवढा वेळ काय करताय? मी म्हटलं, साबण सापडत नाहीये."

अतियातला तो दिवस आठवला. साबण तिने स्वतः बदलला होता.

"मी आधी गेलो होतो इस्पितळात, मुअताजच्याही आधी," तो पुढे म्हणाला. "त्यांनी वय बघितलं आणि परत पाठवलं."

"बाबा, हे मला का नाही सांगितलंत?" मुअताजने विचारलं.

"सांगितलं असतं तर तू माझ्यापायी गेला असतास. तू तुझ्या काकासाठी जावंस, असं मला वाटत होतं. तू न सांगता गेलास." फिक्रीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

अतियात टेबलापाशी आली. तिने लाल दोऱ्याच्या पातेल्यातून रशादच्या वाटीत कालवण वाढलं, ते अफकारचं काम होतं तरी, आणि अफकारने तिला वाढू दिलं.

"अबू रीहाम," ती म्हणाली. "या माणसाशी मी लग्न केलं. याची तीन मुलं वाढवली. याला गेल्या तीस वर्षांत सर्दीपलीकडे काही झालं नाही आणि मी त्याचं श्रेय माझ्या हाताला घेत होते. आज कळलं कुणाच्या दंडाला आहे ते. मला एक सांगा. ती चिठ्ठी घेऊन तुम्ही रांगेत लागलात, तेव्हा तुम्हाला कुणी आकडा सांगितला होता का? शंभरातले किती?"

"मी दहा वर्षांचा होतो, उम्म मुअताज. अक्कल नव्हती."

"हा सव्वीसचा आहे, यालाही नाही," ती म्हणाली आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. तिची भीती कुठेही गेली नव्हती. "मी भितेय. ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी जमिनीवर लोळेन, सगळ्या इस्पितळाला तमाशा दाखवेन. पण त्याला अडवणार नाही. आणि तुम्हीही त्याला अडवू नका. एकदा तुम्ही याच्या नावाने उभे राहिलात. आता आमच्या घरातला एक जण तुमच्या नावाने उभा राहू दे."

रशादने तिच्याकडे पाहिलं, मग रीहामकडे, जिने आता वडिलांच्या डोळ्यांतून नजर काढली नाही. अफकारला नवरा हवा होता, अडतीस टक्के हवा होता, तीन टक्केही चालला असता, आणि ते दुसऱ्याच्या मुलाच्या आईसमोर बोलण्याचं तिचं धाडस नव्हतं. ती फक्त टेबलाखाली नवऱ्याच्या गुडघ्यावर हात दाबून बसली होती.

भावाचं रडणं मात्र रशादला पाहवेना. त्याने खाकरून घसा साफ केला.

"तुम्ही उगाच मला साधुसंत बनवताय," तो म्हणाला. "खरं सांगू? मी काही या रडूबाईसाठी रांगेत उभा नव्हतो. सुई झाली की दवाखान्यात प्रत्येक पोराला पावात घालून हलवा द्यायचे. तिळाचा, हा एवढा तुकडा. आपल्या घरात हलवा फक्त ईदला यायचा. मला हलवा हवा होता, आणि माझं नाव यादीत नव्हतं. म्हणून मी याचं नाव घेतलं. बस्स, एवढीच गोष्ट. हावरटपणा केला, त्याची फळं भोगतोय. याच्यात फिक्रीचा काडीचा संबंध नाही."

मुअताजला हसू फुटलं. अफकारसुद्धा ओढणीआड हसली. अतियातने सुटकेने मान डोलावली. हलव्यासाठी दहा वर्षांचं पोर काहीही करेल, हे पटण्यासारखं होतं. क्षणभर सगळ्या टेबलाचं ओझं हलकं झालं, आणि रशाद आपल्या बिनमिठाच्या वाटीकडे वळला.

फक्त फिक्री हसला नाही.

"अबेह," तो म्हणाला, "हलवा तू मला आणून द्यायचास."

रशादचा चमचा वाटीतच थांबला.

"घेवड्याच्या शेताच्या कडेला. मी तिथे बसून असायचो आणि तू पाव घेऊन यायचास. एकदा मी अर्धा तुला दिला, तर म्हणालास, नको, मळमळतंय. बाराही वेळा मीच खाल्ला."

खालच्या रस्त्यावरून बटाटेवाल्याची गाडी ओरडत गेली. रशादने भावाकडे पाहिलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, एखादी कोटी करायची होती, पण ती त्याला सापडली नाही. पिवळ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने चष्मा न काढता गालावर येऊ दिलं.

"सगळा?" त्याने विचारलं.

"सगळा. बोटं पण चाटायचो."

रशादने बराच वेळ मान हलवली. मग मुअताजकडे वळून तो म्हणाला, "रविवारी किती वाजता बोलावलंय?"